विहाराच्या अंगणात तालीम हवी!

नीरा-भीमेच्या संगमावरचे आमचे नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याचे टोक, चहूकडे ऊस. आमच्या वस्तीतला एक तरुण काही वर्षांपूर्वी शंभर किलोच्या घरात होता. पोरे त्याला 'पोतं' म्हणून हाक मारत. पोलीस भरतीचे नाव काढले की लोक हसत. एके दिवशी त्याने मनावर घेतले आणि पहाटे नदीकाठी चालू लागला. चालण्याचे धावणे झाले, धावण्याला जोर-बैठकांची जोड मिळाली. दोन वर्षांत तीस किलो उतरले. आता तो शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करतो आहे. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच! पण त्याच्या निमित्ताने समाजाने काही गोष्टींचा विचार केला पाहिजे.

पोट सुटले की माणूस आळशी, असा शिक्का आपण सहज मारतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे दिसायला हडकुळी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. पुढे मधुमेह जडण्याचे एक मूळ इथे आहे, असे हे संशोधन सांगते. म्हणजे आईच्या अर्धपोटी राहण्याचा हिशेब लेकराच्या अंगात उतरतो! ज्यांच्या पिढ्या उष्ट्या-शिळ्यावर जगल्या, त्यांनी तरी कुणाच्या पोटाला हसू नये.

मात्र कारण कळले म्हणून सबब सांगत बसायचे नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. हा आजार आज वस्त्यावस्त्यांत शिरला आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कोल्हापूरच्या सुहास खामकर यांनी २०१० मध्ये 'मिस्टर एशिया' किताब जिंकला, तेव्हापासून खेड्यातल्या पोरांनाही व्यासपीठ खुणावू लागले. पण व्यासपीठावर दिसणारे कोरीव शरीर त्या एका दिवसापुरते असते. त्यासाठी शेवटच्या दिवसांत काही जण पाणी तोडतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, स्टेरॉईडची इंजेक्शने टोचून घेतात. त्यात मूत्रपिंड जाते, हृदय बंद पडते. आमच्या तरुणालाही कुणीतरी पावडरचा डबा आणि 'कोर्स' सुचवला. त्याने पैसे मागितले ते आईकडे. तिची खुरपणीची मजुरी किती, हे का सांगायला हवे?

स्नायू वाढवायला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने पुरतात. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. हरभरा, मटकी, शेंगदाणे, सोयाबीन, सुकट हे आपल्याच बाजारात मिळते. कमी पडते ती माहिती आणि सांगणारा जाणता माणूस.

पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्तादांनी तालीम चालवली. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. पुढे शाळेसाठी दगड-शेण झेलण्याची वेळ आली, तेव्हा लहुजी जोतीरावांच्या पाठीशी उभे राहिले. शरीर कमवण्याचा हा आपला वारसा आहे. आरशापुढे उभे राहून दंड न्याहाळण्यात तो संपत नाही.

आज आपली विहारे आणि समाजमंदिरे वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला निम्मा पैसा बाजूला काढा. त्यातून वजने, दोन बाके, एक वजनकाटा आणि साखर तपासायचे यंत्र येईल. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मुली व महिलांसाठी विहार उघडा. आमचा तरुण शिकवायला तयार आहे. त्याने इंजेक्शनला नकार दिला आहे. स्पर्धेत नंबर आला नाही तरी चालेल म्हणतो. त्याच्या या नकाराला समाजाने बळ द्यायचे की नाही, एवढेच आता ठरवायचे आहे.

जय भीम!