बल्लवाचे स्वयंपाकघर

चिखलदरा म्हणजे मूळचा कीचकदरा, असे त्या गावातला कोणीही सांगेल. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत लोटले आणि भीमकुंडात हात धुतले, अशी दंतकथा आहे. पंडितमंडळी विराटनगर राजस्थानातल्या बैराट येथे मानतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या धुक्याच्या गावाने एका मल्लयुद्धाची आठवण आपल्या नावात जपावी, हे आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे.

मागच्या एका पावसाळ्यात महाविद्यालयाच्या सहलीबरोबर आम्ही तिथे गेलो, तेव्हा आमचा एक माजी विद्यार्थीही सोबत होता. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेला, आता एका जिममध्ये शिकवणारा. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरायचे, हौशी गटातून वर जायचे आणि कधीतरी व्यावसायिक स्पर्धकाचे 'प्रो कार्ड' मिळवायचे, हा त्याचा ध्यास. दरीच्या कडेला सगळे भाजलेली कणसे खात उभे असताना त्याने पिशवीतून डबा काढला. त्यात उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग होता आणि तोलून घेतलेले रताळे. कोणी कणीस पुढे केले, तर तो म्हणाला, "नाही सर, आठ हप्ते राह्यले." आम्हां शिक्षकांपैकी दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसले. ते हसू दुष्टाव्याचे नव्हते, पण त्यात एक निकाल होता. हा मुलगा आपल्या विषयातून बाहेर गेला, असा तो निकाल. तो आम्हांस चुकीचा वाटतो, म्हणून हे लिहिणे.

शरीरसौष्ठव म्हणजे बळाचे प्रदर्शन, असे आपण धरून चालतो. तयारीचा क्रम नीट पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. वर्षातले बरेच महिने भरपूर खाऊन आणि वजने उचलून स्नायू वाढवायचे. मग स्पर्धेच्या आधी बारा ते सोळा आठवडे आहार पायरीपायरीने कमी करायचा. वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन ग्रॅम प्रथिने ठेवून बाकीचे अन्न उतरवत न्यायचे, म्हणजे स्नायू राहतात आणि चरबी जाते. शेवटच्या आठवड्यात अनेकजण मीठ आणि पाणी यांच्याशीही खेळ करतात. आधी पिष्टमय पदार्थ तोडायचे, मग एकदम वाढवायचे, कारण स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी आत ओढले जाते आणि स्नायू भरलेला दिसतो. अखेरीस अंगाला गडद रंग फासून, पडद्यामागे हलकी वजने उचलून, दिव्यांखाली जायचे आणि ठरावीक मुद्रा द्यायच्या. कधी पुढून दोन्ही दंड, कधी पाठीचा पसारा, कधी बाजूने छाती, कधी पोट आणि मांड्या.

त्या क्षणी त्या देहाची खरी अवस्था काय असते? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोणतेही औषध न घेणाऱ्या एका स्पर्धकाची वर्षभर पाहणी केली होती. सहा महिने तयारीचे, सहा महिने सावरण्याचे. तयारीच्या काळात त्याची चरबी शेकडा १४.८ वरून ४.५ वर आली. हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ पर्यंत उतरले. पौरुषसंप्रेरक सुमारे एक चतुर्थांश उरले. ताकदही घटली. म्हणजे जो देह सर्वांत बलवान दिसतो, तो त्या दिवशी वर्षातला सर्वांत दुबळा देह असतो. औषधांचा आधार घेणाऱ्यांची गोष्ट याहून भयंकर आहे. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित व्यावसायिक खेळाडू नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांत मरण पावला; शरीर कोरडे करण्याचा अट्टहास त्याला भोवला. १९९६ साली आंद्रेआस म्युन्झर हा ऑस्ट्रियन गेला. आमच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही नावे पाठ होती. आम्हांस ती त्याच्याकडूनच कळली.

आता भीमाकडे वळू. विराटाच्या घरी अज्ञातवासाचे वर्ष त्याने कुठे काढले? स्वयंपाकघरात, बल्लव या नावाने. महाभारतातला सर्वांत बलाढ्य देह एक वर्षभर पळी आणि चुलीमागे दडून होता. मधूनच उत्सवात जीमूत नावाच्या मल्लाशी तो चारचौघांत लढला. पण ज्या कामासाठी त्याचे बळ खरोखर लागले, ते काम अंधारात झाले. रात्री, रिकाम्या नर्तनशाळेत, पाहायला कोणी नसताना. काम झाल्यावर त्याने द्रौपदीला बोलावून ते प्रेत दाखवले आणि पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन निजला. सकाळी लोकांनी श्रेय गंधर्वांना दिले. भीमाला त्याची खंत नव्हती.

रंगमंचावरचा देह या बल्लवाच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. तिथे बळ लपवलेले आणि कृती खरी. इथे बळ दाखवलेले आणि कृती कोणतीच नाही. इथपर्यंत आलो की 'जुने ते थोर' असे म्हणून लेख संपवण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळतो, कारण दाखवलेल्या देहाची परंपरा आपल्याकडेही आहे, आणि ती आपणच अभिमानाने सांगतो.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकला गेले आणि तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने दाखवली. तेही प्रदर्शनच होते. फक्त ते देह स्वतःकडे बोट दाखवत नव्हते, एका पारतंत्र्यातल्या देशाकडे दाखवत होते. त्याआधी १९०७ साली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. भीमाचे बाहू हे तेव्हा रूपक होते, आणि ते रूपक सरकारलाही कळत होते. मात्र हेही विसरता येत नाही की १९३६ च्या त्याच बर्लिनमध्ये सुदृढ देहाचे रूपक एका राजवटीने किती भीषण कामाला लावले होते. देह देशाला वाहिला की तो आपोआप पवित्र होतो, असे नाही.

तालमीचे एक वेगळे, शांत चित्र आपल्याला माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) भेटते. तरुण मास्तर गावाच्या श्रमातून तालीम उभी करतो, औंधचे राजेसाहेब येतात, गावाला आपण कोणीतरी आहोत असे वाटते. आणि मग दुष्काळ येतो, गाव उठून जाते. तालीम राहते, अंगे राहत नाहीत. मराठी कादंबरीने व्यायाम आणि भूक एकाच गावात ठेवून दाखवली, ती अशी. पुढे आपण हे दोन विषय वेगळे केले.

चिखलदऱ्यात ते वेगळे करता येत नाहीत. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९९३ साली इथल्या कोरकू पाड्यांवरच्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. पुढे जनहित याचिका उच्च न्यायालयात गेल्या, आणि हा प्रश्न आजही मिटलेला नाही. अंगणवाडीत मुलाचे कुपोषण ओळखायची एक साधी रीत आहे. रंगीत पट्टी घेऊन दंडाचा घेर मोजायचा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला, तर ते तीव्र कुपोषण. त्या सहलीत परतताना आमचा विद्यार्थी बसमध्ये बसून खिशातली फीत काढून स्वतःच्या दंडाचा घेर मोजत होता. रोज त्याच वेळी मोजायचा, असा त्याचा नेम आहे. तीच जागा, तीच कृती. एक आकडा वहीत जिंकण्यासाठी लिहायचा, दुसरा नोंदवहीत वाचवण्यासाठी.

ही तुलना क्रूर आहे, असे कोणी म्हणेल. एका गरीब घरच्या मुलाच्या कष्टांवर मेळघाटचे ओझे का टाकता? आक्षेप रास्त आहे. त्याच्या डब्यातल्या अंड्यांमुळे कोणा कोरकू मुलाचा घास गेलेला नाही. तो सोडतो त्या कणसाने कोणाचे पोट भरणार नाही. त्याला दोषी ठरवणे हे आमच्या त्या हसण्याचेच दुसरे रूप होईल. आमचे म्हणणे वेगळे आहे. भूक ही एकच गोष्ट नाही, आणि आपल्या भाषेत तिच्यासाठी एकच शब्द आहे. निवडलेली भूक आणि लादलेली भूक शरीरात काही अंतर एकाच वाटेने चालतात. थंडी वाजते, चिडचिड होते, मन सतत अन्नाभोवती फिरते. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांतले काही पाककृतींची पुस्तके वाचत बसत. आमचा विद्यार्थी रात्री मोबाइलवर जिलेबी तळतानाची चित्रफीत पाहतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की त्याच्या उपासाला शेवटची तारीख आहे.

मराठी साहित्याने लादलेल्या भुकेवर पुष्कळ आणि उत्तम लिहिले. दलित आत्मकथनांनी तर तिला आपल्या वाङ्मयाच्या केंद्रस्थानी आणून ठेवले. उपवासाच्या भुकेवर संतांपासून लिहिले गेले. पण रंगमंचासाठी पत्करलेल्या या तिसऱ्या भुकेला आपल्याकडे अजून शब्द नाहीत. तालमीजवळ तिची भाषा होती: खुराक, मेहनत, जोर, बैठका, लंगोट, वस्ताद. त्या शब्दांत आहाराबरोबर एक नीतीही वावरत होती. गुरू होता, लाल माती होती, हार-जीत समोरच्या माणसाशी होती. जिममधल्या मुलाजवळ 'बल्किंग', 'कटिंग', 'ड्राय' हे शब्द आहेत. ते कृती सांगतात, अर्थ सांगत नाहीत. कोल्हापूरचे सुहास खामकर २०१० साली 'मिस्टर एशिया' झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी दिली, छायाचित्र छापले. त्या छायाचित्रामागच्या महिन्यांचे वाङ्मय झाले नाही.

म्हणून वऱ्हाडातल्या आणि इतरही महाविद्यालयांतल्या मराठीच्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे की वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, डबा तोलून आणणाऱ्या मुलाकडे विषयाबाहेर गेलेला म्हणून पाहू नका. त्याला लिहायला सांगा. धोक्याची औषधे त्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. त्यांविषयी तो आपल्याशी बोलेल, तर ते आपण त्याच्या जगाला हसत नसू तेव्हाच. आमच्या विद्यार्थ्याने आपली वही आम्हांस दाखवली. तारीख, वजन, ग्रॅम, झोपेचे तास. मधे एका पानावर फक्त 'आज रडू आलं, कारण नाही' एवढेच लिहिले होते. त्या ओळीच्या पुढे काय आहे ते लिहायला त्याला आपण चार वर्षांत शिकवले नव्हते.

भीमकुंडापाशी उभे असताना त्याने आम्हांस एक प्रश्न विचारला होता. "सर, भीमानं कीचकाले मारलं तवा पाहाले कोन होतं?" आम्ही म्हणालो, कोणी नव्हते, नंतर फक्त द्रौपदीने पाहिले. तो बराच वेळ खाली पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एक जन पाह्यलं तरी पुरते."