अंगठा कुणापुढे घ्यायचा?



गेल्या हंगामात ऊस बिल जमा झाले त्या आठवड्यात एक वृद्ध सभासद भगिनी गट ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या. "बाबा, माझं बिल अजून न्हाई पडलं का?" एवढेच त्यांचे विचारणे. पाहिले, तर सोसायटीची वसुली वजा जाता रक्कम बँकेत जमा झाली होती आणि पुढच्या चार दिवसांत विड्रॉल स्लिपवर निघूनही गेली होती. स्लिपवर अंगठा त्यांचाच. "त्यो तर पुतण्यानं केवायशीला म्हणून घेतला हुता," त्या म्हणाल्या. खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही पुतण्याचा, त्यामुळे बँकेचे मेसेज त्याच्याच खिशात वाजले.

पुतण्या काही दरोडेखोर नव्हे. उसाला पाणी तोच पाजतो, चिटबॉयच्या मागे तोडीसाठी तोच हिंडतो. "काकीचं समदं मीच बघतो की," हा त्याचा हिशेब. अवघडपण आहे ते इथेच. फोनवर पोलीस असल्याची बतावणी करून लुबाडणाऱ्या परक्या चोराविरुद्ध बोलायला सगळे पुढे येतात. (तसे कुणाचे झालेच, तर तासही न दवडता १९३० या नंबरवर कळवावे.) घरच्या माणसाने हात मारला, की मात्र सारी भावकी गप्प. म्हातारीही गप्प, कारण रात्रीची भाकरी त्याच घरची.

मग विचारायचे कुणी? आमचे मत असे, की बँकेच्या खिडकीने विचारावे. पैसे हातातून जाण्याआधी बाहेरच्या माणसाची नजर पडते अशी ती शेवटची जागा. पण आपल्याकडे सातारा-सांगलीच्या शाखांतून होते उलटेच. कॅशियर गावचा, पुतण्या ओळखीचा. "मावशींच्यात कोण, तूच न्हवं?" म्हणून स्लिप पुढे सरकते.

ही काळजी आपल्या मुलखाला नवीन नाही. १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा हे त्याचे चार जिल्हे. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा साताऱ्यातच होते. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढेच व्हावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास पासबुकात हिशेब लिहून द्यावा, असे त्यात होते. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने किती घरे बुडाली हे सरकारला तेव्हा कळले होते. तो कायदा केव्हाच संपला. कोरी स्लिप काही संपली नाही.

अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांपुढे घ्यावा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, ही रीत बँकांच्या नियमांत जुनीच आहे. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असेही रिझर्व्ह बँकेने २०१७ साली व्यापारी बँकांना सांगितले. आपल्या सहकारी बँकांनी यात मागे का राहावे? स्लिपवर रक्कम आधी लिहावी, मोठ्याने वाचून दाखवावी आणि मग अंगठा घ्यावा, याला खर्च तो काय? म्हातारे माणूस एकाएकी ठेव मोडायला आले, किंवा मोबाईल नंबर बदलायचा कागद दुसऱ्याच्या हातून आला, तर बरोबरच्याला बाकावर बसवावे आणि खातेदाराला एकट्याला केबिनमध्ये बोलावून विचारावे, "पैसे कशाला पाहिजेत, आज्जी?" इंग्लंडात २०१६ पासून संशय आल्यास बँकेचे कर्मचारी थेट पोलिसांना बोलावतात. आपल्याकडे नुसते चहा पाजून विचारले तरी पुष्कळ कळेल.

आणखी एक. मुलाचे नाव खात्यात घालताना 'दोघांपैकी कोणीही' म्हणजे काय, हे समजावून सांगत नाहीत. उद्या मुलगा एकटाच सारी रक्कम काढू शकतो. नुसती सोय पाहिजे असेल तर वारस नोंद करावी. नोव्हेंबर २०२५ पासून चार नावे लावता येतात, आणि खातेदार जिवंत असेपर्यंत त्यातल्या कुणालाही पैशाला हात लावता येत नाही.

काही सभासद म्हणतील, माझे पैसे, बँक कोण विचारणार? रास्त आहे. विचारून झाल्यावर खातेदार "दे" म्हणाला तर बँकेने द्यावेच, अडवून मालक होऊ नये. आणि प्रामाणिक मुलाला दोन मिनिटे बाकावर बसल्याने कमीपणा येत नाही.

बँकेला बोल लावताना आपलेही ताट पाहू. बिलाचा खाते नंबर बदलण्याचा अर्ज, शेअर वर्ग करण्याचा कागद, ऊस दुसऱ्याच्या नावावर नोंदवण्याची संमती, हे सारे आपल्या ऑफिसातही कुणाच्याही हाती येते आणि मंजूर होते. सत्तरीपुढच्या सभासदाचा असा कागद त्याला समक्ष भेटल्याशिवाय घेऊ नये, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा.

त्या भगिनींच्या खात्याला आता त्यांच्याच साध्या फोनचा नंबर आहे. त्यांना वाचता येत नाही. शेजारची सातवीतली पोर शाळेतून आली की मेसेज वाचून दाखवते.