तीस दिवस कुणाला पुरले?

सप्टेंबर २०२४ आठवून पाहा. मुंबईत १७ तारखेला अनंत चतुर्दशी होती, म्हणून ईद-ए-मिलादचा जुलूस १८ ला काढायचं ठरलं. शासनानेही मुंबईतली सुट्टी १६ वरून १८ ला नेली. एकमेकांसाठी तारीख मागेपुढे करता येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच दिवसांत दिल्लीतली एक तारीख मात्र गुपचूप संपत आली होती.

केंद्राच्या दूरसंचार विभागाने २८ ऑगस्टला एक मसुदा प्रसिद्ध केला होता. आपले फोन आणि मेसेज सरकारी यंत्रणांनी कधी, कुणाच्या हुकमाने ऐकायचे-वाचायचे, याचे ते नियम. हरकती आणि सूचनांसाठी मुदत ३० दिवस. तो मसुदा माझ्या हाती आला तेव्हा चार दिवस उरले होते. मी हरकत पाठवली नाही, मुदतवाढही मागितली नाही. आधीच कबूल करते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते मलाही लागू आहे.

६ डिसेंबरला अंतिम नियम आले. त्यांनुसार केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव हुकूम देतो. हुकूम ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. तो योग्य होता की नाही, हे तपासणाऱ्या समितीत सगळे सचिवच. न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. १९९६ साली पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगवर बंधनं घातली, २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. या दोन निकालांच्या कसोटीवर हे नियम उतरतात का, यावर नीट बोलायला महिनाभर पुरतो का?

कुणी म्हणेल, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, थांबून कसं चालेल? प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा पोकळी नव्हती. तार कायद्याखालचे २००७ चे नियम चालूच होते. आणखी एक महिना दिला असता तर एकाही तपासाचं काम अडलं नसतं. मुदत वाढवता येत नाही, असंही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला. १८ फेब्रुवारीची मुदत सरकारनेच ५ मार्चपर्यंत नेली. २०१४ चं केंद्राचं सल्लामसलतीचं धोरण ३० दिवस सांगतं खरं, पण ‘किमान’ ३० दिवस.

नुसते दिवस वाढवूनही भागत नाही. राजपत्र निघतं हिंदी-इंग्रजीत. २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करायला सांगितलं. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला त्याचा फोन कोण ऐकू शकतो हे मराठीत किंवा उर्दूत वाचायला मिळू नये, याला कारण काय?

आता खरी अडचण. आमच्या बैठकीत एक मुलगा म्हणाला, “ताई, पाळत ठेवण्याच्या नियमांवर हरकत, आणि खाली माझं नाव? उद्या माझ्यावरच नजर राहील.” त्याला हसण्यावारी नेणं मला जमलं नाही. ती भीती त्याने मनाने रचलेली नाही. घरात, मोहल्ल्यात ऐकत तो मोठा झाला आहे. मी इतकंच म्हटलं, एकट्याने लिहू नकोस, वीस जण मिळून लिहू. पण वीस जणांनी मसुदा वाचायचा, एखाद्या वकिलाला विचारायचं, घरच्यांना समजवायचं, मग सह्या करायच्या, याला वेळ लागतो. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते, त्यांना ३० दिवस पुरतात. अपुरी मुदत नडते ती एकट्याने बोलायला घाबरणाऱ्या माणसाला. म्हणून मुदतवाढीची मागणी ही माझ्या मते चालढकल नाही. ती बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे.

पुढचा मसुदा येईल, दुरुस्त्याही येतील. तेव्हा तीन गोष्टी करू या. पहिल्याच आठवड्यात लेखी मुदतवाढ मागू, ६० दिवस आणि मराठी भाषांतर, कारणांसह. आलेल्या हरकतींचा सारांश जाहीर करा, असं त्याच पत्रात लिहू; २०१४ चं धोरणही तेच सांगतं. आणि मुदतवाढीची वाट पाहत बसायचं नाही. मिळालेल्या मुदतीत एक पानाची का होईना, हरकत पाठवायची आणि तिची प्रत जपून ठेवायची.

त्या वेळी चार दिवस माझ्या हातात होते. एक पान लिहायला तेवढे पुरले असते.