कवटीला कान कुठला?

हाडांच्या कवटीला कानाची पाळी नसते. शाळेच्या प्रयोगशाळेतला सापळा ज्याने एकदा नीट पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. कान मऊ कुर्चेचा. माणसाबरोबर तोही मातीत जातो. असे असताना हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याचे निशाण म्हणून जे चित्र आज पुस्तकांतून, मुलांच्या टोप्यांवरून आणि दप्तरांवरून सर्रास छापले जाते, त्यातली कवटी डोक्याला रुमाल बांधून, कानात डूल घालून, बाजूला तोंड करून ऐटीत बसलेली असते. तो डूल अडकवला आहे कशात, हे विचारण्याचे कुणाला सुचत नाही. आपल्याकडे भिकबाळी घालणाऱ्यांनासुद्धा ती कानातच घालावी लागत होती!

फराळाच्या ताटापुढे कवट्या आणि हाडे कशाला, असे घरातली वडील मंडळी म्हणतील. पण वाचकहो, याच सुटीत तुमच्या घरी कुणी मामा, कुणी आत्या मुलांसाठी चाच्यांच्या गोष्टींचे रंगीत पुस्तक घेऊन येणार आहे. त्या पुस्तकात एक पान हमखास असते. त्यावर दहाबारा काळी निशाणे ओळीने मांडलेली, आणि प्रत्येकाखाली एकेका कप्तानाचे नाव. शाळेतल्या गटांना लाल, निळा, हिरवा असे रंग वाटून द्यावेत, तशी ही निशाणे वाटलेली असतात. माझे भांडण त्या पानाशी आहे.

या एव्हरीचेच आधी पाहू, कारण त्याने जो दरोडा घातला तो आपल्या दाराशी घातला. १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेब बादशहाचे 'गंज-इ-सवाई' हे प्रचंड जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होते. एव्हरीच्या टोळीने ते गाठले. कित्येक दिवस लूट चालली, माणसांचे हाल झाले, बायकांची विटंबना झाली. खाफीखानाने आपल्या इतिहासात हे सारे लिहून ठेवले आहे. पुढे सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना बादशाही अंमलदारांनी कैदेत ठेवले, आणि १६९६ साली एव्हरीचे पाच साथीदार लंडनात फासावर चढले. खुद्द एव्हरी मात्र जो नाहीसा झाला तो कायमचा.

त्याच्या बावट्याबद्दल त्या काळातला पुरावा कोणता? त्याच्याच नावावर लंडनात छापून विकला गेलेला एक पोवाडा. त्यात वर्णन आहे ते रक्तासारख्या लाल कापडाचे, त्यावर सोन्याच्या चार कोनी पट्ट्यांचे आणि भोवती हिरव्या किनारीचे. सरदार घराण्याच्या ढालीवर असावे तसे. कवटीचे नाव नाही, हाडाचे नाव नाही, रुमाल आणि डूल तर दूरच. आता पोवाडा म्हणजे काही दस्तऐवज नव्हे, हे मलाही समजते. पण निदान तो माणूस समुद्रावर हिंडत होता तेव्हाचा तो आहे. रुमाल आणि डूल हा चाच्याचा पेहराव लोकांच्या डोळ्यांत भरवला तो हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने, एव्हरीनंतर दोनशे वर्षांनी. पाइल थोर चित्रकार होता. आपण कल्पनेने रंगवतो आहोत हे तो जाणून होता. त्याच्यामागून कुणीतरी तो पेहराव उचलून कवटीला चढवला आणि खाली 'एव्हरीचे निशाण' असे लिहून दिले. ही कल्पनाशक्ती नव्हे. ही उधळमाधळ आहे, आणि तीही दुसऱ्याच्या पैशांवर.

बाकीच्यांची कथा याहून वेगळी नाही. कवटीखाली दोन तलवारी फुलीसारख्या, हे निशाण जॅक रॅकमचे म्हणून जगभर गाजले आहे. २००३ सालच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटाने तर ते घराघरांत नेले. रॅकम १७२० च्या नोव्हेंबरात जमेकात फाशी गेला. त्याच्या काळच्या कोणत्याही कागदात या तलवारी आढळत नाहीत. त्या त्याला मिळाल्या विसाव्या शतकात. स्टीड बॉनेटचे कवटी, काळीज आणि खंजीर असलेले निशाण, टॉमस ट्यूचा तलवार धरलेला हात ही सगळी त्याच उशिरा जन्मलेल्या वंशावळीतली.

आणि ब्लॅकबियर्ड! शिंगे असलेला सापळा, एका हातात वाळूचे घड्याळ, दुसऱ्या हातातला भाला रक्त गळणाऱ्या काळजावर रोखलेला: हे चित्र कुणाला ठाऊक नाही? ब्लॅकबियर्डलाच ते ठाऊक नसावे. १७१८ साली बोस्टनच्या वर्तमानपत्रात त्याच्या ताफ्याची बातमी आली, तिच्यात मृत्यूची मुंडकी असलेले काळे बावटे आहेत आणि सोबतच्या गलबतांवर रक्तवर्णी बावटे आहेत. शिंगे नाहीत. त्याचे जहाज १९९६ साली अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी सापडले. तोफा निघाल्या, नांगर निघाला, तोफेत कोंबलेल्या एका पुस्तकाच्या पानांचे चिमूटभर तुकडेसुद्धा निघाले. निशाण निघाले नाही. त्या काळातल्या या नामांकित चाच्यांपैकी एकाचाही बावटा आज कुठल्या संग्रहालयात नाही. संग्रहालयांतून जी थोडीफार निशाणे चाच्यांची म्हणून ठेवलेली आहेत, ती पुढच्या काळातली.

मग खरे काहीच नाही का? आहे, आणि ते या छापील कवट्यांहून कितीतरी भेदक आहे. १७०० साली केप व्हर्दे बेटांजवळ 'पूल' नावाच्या इंग्रज लढाऊ जहाजाने इमॅन्युएल विन या फ्रेंच चाच्याचा पाठलाग केला. तिच्या कप्तानाने नोंद केली: काळे निशाण, त्यावर मृत्यूचे मुंडके, फुलीसारखी हाडे आणि वाळूचे घड्याळ. कवटीच्या काळ्या बावट्याची ही अगदी जुनी आणि भरवशाची नोंद. त्यातले घड्याळ पाहा. कवटी आणि हाडे त्या काळी युरोपात थडग्याथडग्यांवर कोरलेली असत. चर्चच्या आवारात खेळणाऱ्या पोरालाही त्यांचा अर्थ कळे. चाच्यांनी ती थडग्यावरची खूण उचलून डोलकाठीवर चढवली आणि घड्याळाने तिला एक वाक्य जोडले: वाळू गळते आहे, तोवर शरण या. काळा बावटा म्हणजे अजून सवड आहे. लाल चढला की दयामाया संपली. लढाई न करता माल हाती यावा, एवढाच त्या कापडाचा हिशोब होता. व्यापारी जहाजावरचा खलाशी मालकाच्या साखरेसाठी मरायला तयार नसतो, हे चाच्यांना पक्के ठाऊक होते; त्यांतले बहुतेक स्वतः तसलेच खलाशी होते.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्सचा एक बावटा तर खास त्याचाच होता. कप्तान जॉन्सन या टोपणनावाच्या लेखकाने १७२४ साली चाच्यांचा जो इतिहास छापला, त्यात त्याचे वर्णन आहे. हातात जळती तलवार घेतलेला माणूस दोन कवट्यांवर उभा, आणि कवट्यांखाली अक्षरे: एक मुंडके बार्बाडोसवाल्याचे, दुसरे मार्टिनिकवाल्याचे. त्या दोन बेटांवर त्याचा दात होता, तो त्याने कापडावर काढून घेतला. जॉन्सनवर डोळे मिटून विश्वास टाकावा असे मी म्हणत नाही. त्याच्या दुसऱ्या भागात तर आख्खा एक कप्तान मनानेच रचलेला आहे. पण तो त्या माणसांच्या हयातीतला किंवा जेमतेम नंतरचा आहे. दोनशे वर्षांनंतरचा चित्रकार आणि तो यांना एका पंगतीत कसे बसवावे?

तरी लोक म्हणतात, मास्तर, मुलांची गंमत आहे, कशाला एवढे मनावर घेता? हे वाक्य मला एका सामान्यज्ञानाच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी ऐकवले. स्पर्धेचे नाव घेत नाही. प्रश्न होता, ब्लॅकबियर्डच्या निशाणावर काय होते? माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिले, 'मृत्यूची मुंडकी असलेले काळे बावटे, एवढेच त्या वेळच्या वर्तमानपत्रात आहे. नक्की चित्र कुणी लिहून ठेवलेले नाही.' उत्तर चूक ठरले. शिंगे असलेला सापळा ज्यांनी लिहिला त्यांना गुण मिळाले. मी जाऊन विचारले तर उत्तरपत्रिकेच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगण्यात आले, 'आमच्याकडे हेच छापलेले आहे.' पोरीने मला विचारले, 'सर, पुढच्या वेळी काय लिहू?' गंमत म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. बारा वर्षांच्या मुलीला 'ठाऊक नाही' हे शब्द लिहायला जे धैर्य लागते, ते आपण एका गुणाला विकत घेतो आणि वर त्याला सामान्यज्ञान म्हणतो.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपुरते. इतिहासाच्या पदव्या माझ्यापाशी नाहीत. खोटी माणसे निर्माण करून त्यांना रडवणे, लग्ने लावणे, प्रसंगी मारणे हा माझा शाळेबाहेरचा उद्योग. तेव्हा कल्पनेचा मला विटाळ आहे असे कुणी समजू नये. स्टीव्हन्सनने १८८३ साली 'ट्रेझर आयलंड' ग्रंथरूपाने आणली; तिच्यातला काळा बावटा खरा की खोटा, असा प्रश्न कुणी शहाणा माणूस विचारत नाही. वेष्टनावर कादंबरी म्हणून छापले की लेखक मोकळा आणि वाचकही मोकळा. पण माझ्या कादंबरीतले पत्र उचलून कुणी खऱ्या माणसाच्या चरित्रात त्याचे म्हणून छापले, तर त्याला गंमत म्हणाल काय?

नावाच्या बाबतीतही हीच घाई. चाच्यांच्या निशाणाला 'जॉली रॉजर' का म्हणतात, याची एक उपपत्ती आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते: कण्णूरच्या समुद्रावर सत्ता गाजवणारा अली राजा, त्याच्या नावाचा हा अपभ्रंश. दुसरी फ्रेंच 'सुंदर लाल' या शब्दांवरून. दोन्ही कानाला गोड, दोन्हींना कागदाचा आधार नाही. आपल्या किनाऱ्याचे नाव आले म्हणून आपण टाळ्या वाजवाव्यात, हे मला पटत नाही. खुद्द चाचे काय म्हणत? १७२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्ट बंदरात एका दिवशी सव्वीस चाच्यांना फाशी दिली, तेव्हा त्यांचा गडद निळा बावटा फाशीच्या खांबाच्या कोपऱ्याला टांगला होता. त्यावर मृत्यूची आकृती, एका हातात वाळूचे घड्याळ, दुसऱ्या हातात भाल्याचे टोक आणि त्याच्या टोकाला रक्ताचे तीन थेंब असलेले काळीज. ते त्याला 'ओल्ड रॉजर' म्हणत, आणि जगू-मरू ते याच्याखाली, असे बोलून दाखवत. 'ओल्ड रॉजर' हे इंग्रज खलाशांच्या तोंडी सैतानाचे नाव. सव्वीस जणांपैकी कितीतरी विशीतले होते. हे चित्र मुलांच्या पुस्तकात छापायला कुणी धजत नाही; डूल घातलेली कवटी मात्र विनोदी, म्हणून चालते.

आणि आपल्या मुलांना खरा बावटा पाहायचा असेल तर त्यांना बोस्टनलाही जायला नको. १७२० च्या ऑगस्टमध्ये कोमोरो बेटांपाशी एडवर्ड इंग्लंडच्या चाच्यांनी कंपनीच्या 'कॅसँड्रा' जहाजावर झडप घातली. कप्तान जेम्स मॅक्रे डोक्याला जखम होऊन किनाऱ्यावर पळाला, लपला, अखेर चाच्यांनीच दिलेल्या मोडक्या जहाजातून अठ्ठेचाळीस दिवसांनी उपाशीतापाशी मुंबईला लागला. नोव्हेंबरात मुंबईतूनच त्याने वरिष्ठांना पत्र लिहिले. त्यात चाचे चाल करून आले ते काळे आणि रक्तवर्णी बावटे लावून, एवढेच आहे. ज्याच्यावर तोफा चालल्या त्या माणसाने, आपल्या बंदरात बसून, तीन महिन्यांच्या आत लिहिलेले वाक्य! पुस्तकांच्या त्या पानावर इंग्लंडच्या नावाखाली काय असते? एक गोजिरवाणी कवटी आणि फुलीसारखी हाडे.

त्याच वर्षी मुंबईचे आरमार कान्होजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर तोफा डागून हात हलवत परतत होते, तेव्हा याच चाच्यांची वाटेत गाठ पडली आणि आरमाराने झुंज टाळली. पण 'चाचा' हा शिक्का पुस्तकावर कुणाच्या नावापुढे बसला? क्लेमंट डाउनिंगने १७३७ साली ग्रंथ छापला, त्याच्या शीर्षकातच आंग्रे चाचा ठरले. छत्रपतींचा सरखेल, ज्याचे दस्तक घेतल्याशिवाय किनाऱ्यावरून माल हलत नसे, तो चाचा! हा शिक्का पुसायला आपल्याला किती काळ लागला? १९५१ साली मुंबईच्या नौदल तळाला आंग्र्यांचे नाव मिळाले, तरी परदेशी पुस्तकांतून तो शब्द अजून डोकावतोच. चित्राखाली नाव लिहिणे ही किरकोळ गोष्ट आहे, असे कोकणातल्या माणसाने तरी म्हणू नये.

प्रकाशकांकडे माझे मागणे मोठे नाही. ते पान काढून टाका, असे मी म्हणत नाही. मुले ते आवडीने पाहतात, पाहू द्या. ज्या निशाणाला त्या काळातली नोंद आहे त्याखाली साल छापा, जे मागाहून रचले त्याखाली 'कल्पनेने' एवढा एक शब्द छापा. आणि एव्हरीच्या जागी लाल कापड, चार सोनेरी पट्टे आणि हिरवी किनार काढा, खाली 'पोवाड्यावरून' असे लिहून. काळ्या शाईपेक्षा तीन रंगांना खर्च जास्त येईल, हे मला मान्य आहे.