विश्लेषण : उंची कमी, धावा ७७४! गावसकरांची पहिली मालिका आजच्या निवड चाचणीला काय सांगते?

उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात शाळेचा संघ निवडताना पहिली नजर जाते ती उंचीवर. ‘पोरगं चांगलं आहे, पण अंगानं लहान आहे,’ एवढ्यावर कित्येकांचा खेळ सुरू होण्याआधीच संपतो. पोलीस भरतीत पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटीमीटर उंची लागते, कारण तिथे तसा नियमच आहे. शाळेच्या मैदानावर असा नियम नाही, तरी तो पाळला जातो. तो किती फसवा आहे, हे १९७१ मधल्या एका कसोटी मालिकेतून कळते.

पहिल्या मालिकेत काय घडले?

वेस्ट इंडिज दौऱ्यावर गेले तेव्हा सुनील गावसकर २१ वर्षांचे होते. उंची साडेपाच फुटांहून कमी. बोटाच्या संसर्गामुळे पहिली कसोटी हुकली. पुढच्या चार कसोटींतल्या त्यांच्या धावा : ६५ आणि नाबाद ६७, ११६ आणि नाबाद ६४, १ आणि नाबाद ११७, १२४ आणि २२०. एकूण ७७४, सरासरी १५४.८०. पदार्पणाच्या कसोटी मालिकेत एवढ्या धावा आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेल्या नाहीत. अजित वाडेकरांच्या संघाने ती मालिका १-० अशी जिंकली. विंडीजवर भारताचा तो पहिलाच मालिका विजय.

उंची आड का आली नाही?

याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असला की तोल सांभाळणे सोपे जाते आणि पाय पुढे-मागे हलवायला वेळ कमी लागतो. उसळत्या चेंडूखाली वाकायलाही अंतर कमी पडते. तेव्हा हेल्मेट नव्हते. कोणता चेंडू खेळायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणारी नजर हेच खरे संरक्षण होते, आणि नजर मोजपट्टीने मोजता येत नाही.

नशिबाचा वाटा किती?

होता. गॅरी सोबर्ससारख्या क्षेत्ररक्षकाकडून त्यांचे झेल सुटले. विंडीजची गाजलेली वेगवान चौकडीही तेव्हा अजून यायची होती. पण ती आल्यानंतरही गावसकर थांबले नाहीत. विंडीजविरुद्ध त्यांची एकूण १३ कसोटी शतके आहेत. १९८३ मध्ये चेन्नईत काढलेल्या नाबाद २३६ धावा त्यातल्याच. नशिबाने पहिली संधी टिकवली, पुढचे काम त्यांचे स्वतःचे.

मग उंची बिनकामाची का?

तसे मुळीच नाही. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, वेगवान गोलंदाजी यांत ती लागतेच. प्रश्न एवढाच, की खेळ कोणता? आपला धाराशिव जिल्हा तर खो-खोचा. सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात इथली अश्विनी शिंदे होती. या खेळात खाली वाकून हुलकावणी देणे आणि खांबाजवळ झटकन वळणे यालाच किंमत आहे. तिथे लहान चण ही अडचण नसून सोय ठरू शकते.

काय बदलायला हवे?

बारा-तेराव्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. कुणाची वाढ लवकर होते, कुणाची उशिरा. त्या वयात उंची पाहून संघ निवडणे म्हणजे लवकर वाढलेल्यांनाच निवडणे. त्याऐवजी खेळाला लागते ते मोजा. खो-खोत मूल किती वेळ बाद न होता पळाले, किती गडी टिपले, याची नोंद ठेवायला वही-पेन पुरते. आणि निकाल एका चाचणीवर नको, निदान एक पूर्ण हंगाम द्या. गावसकरांनासुद्धा पहिली कसोटी बाहेर बसून पाहावी लागली होती.