न दिलेली जागा

दिनांक २९ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यातील जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाले आणि कसबा पेठ, मंडई व स्वारगेट ही तीन स्थानके जुन्या शहराला लाभली. मुठेच्या पात्राखालून येणारी गाडी आता मंडईशी थांबते. रविवार पेठ, बोहरी आळी, लक्ष्मी रस्ता या परिसरात आपल्या समाजाच्या अनेक पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. ‘गाडी लावायला जागा नाही’ म्हणून पेठेकडे पाठ फिरवलेले पिंपरी-कासारवाडीचे गिऱ्हाईक आता वाहन न काढता तिथवर येऊ शकते.

मात्र हे गिऱ्हाईक पायी येणार आहे. जिना चढून वर आल्यावर त्याला लागतो तो पदपथ. आणि आपल्या बाजारपेठेतील पदपथ कसा असतो, हे कोणी कोणाला सांगावयास नको. पायरीपुढे मांडलेल्या मालाच्या थप्प्या, पुढे ओढलेली फळी, आणि दिवसभर तेथेच उभी असलेली मालकाची व नोकरांची दुचाकी. वृद्ध माणसाला, लेकुरवाळीला मग वाहनांच्या गर्दीतून रस्त्यानेच जावे लागते.

मंडईच्या इतिहासातच या प्रश्नाचे मूळ सापडते. आज आपण पाहतो ती अष्टकोनी वास्तू १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. लोकांचा पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. सार्वजनिक वस्तू कोणाच्या पैशाने उभी राहते आणि तिचा उपभोग कोण घेतो, हा त्यांचा प्रश्न मात्र स्थानकाबाहेरील पदपथावर आजही तसाच उभा आहे.

श्रावकाच्या अणुव्रतांत अचौर्य आहे. चोरीची व्याख्या आपल्या शास्त्राने फार सूक्ष्म केली आहे: जे दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदत्तादान. खोटे वजनमाप आणि भेसळ हे या व्रताचे अतिचार म्हणून सांगितले आहेत. म्हणजे हे व्रत सांगताना व्यापाऱ्याचा तराजू शास्त्रकारांच्या नजरेसमोर होता. तराजूच्या बाबतीत आपण दक्ष असतो. मग दुकानापुढील चार हात जागा आपल्याला कोणी दिली? खरेदीखतात ती नाही, भाडेपावतीतही नाही. ईर्यासमितीत साधू-साध्वी पावलाखालच्या जिवाला जपून चालतात. आपण चालणाऱ्याचीच वाट अडवावी, हे विसंगत आहे.

यावर उत्तर ठरलेले असते: ‘शेजारी मांडतो, आम्ही मागे घेतले तर आमचेच नुकसान.’ गाळे लहान आहेत, भाडी जड आहेत, हेही खरे. पण व्रत हे शेजाऱ्याची वाट पाहून घ्यावयाचे नसते. शिवाय यात व्यवहारही आहे. वाहनातून जाणारा पाटी पाहून पुढे जातो. पायी चालणारा थांबतो, न्याहाळतो आणि आत येतो. त्याची वाट मोकळी करणे हे आपल्याही हिताचे आहे.

आरंभ छोटा करता येईल. माल सकाळी लवकर उतरवून घ्यावा, म्हणजे हमालाची व हातगाडीवाल्याचीही भरगर्दीतील ओढाताण वाचेल. मालकाने आठवड्यातून काही दिवस तरी स्वतः मेट्रोने यावे आणि स्थानक ते पेढी हे अंतर चालून पाहावे. एका ओळीतील दहा दुकानदारांनी मिळून ठरविले, तर पूर्ण गल्ली मोकळी होते.

येत्या पर्युषणात व्रतांचा आढावा घेताना उपवास-एकासणे मोजताना दुकानापुढील फरशाही मोजाव्यात. जितक्या परत देऊ, तितके अणुव्रत आपल्या पदरी पडेल.