सावित्रीबाई आणि धुराचे यंत्र

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. आमच्या भाचेमंडळींपैकी एक जण असल्याच नाटकांची कंत्राटे घेतो. त्याने हे वाचून फोन करू नये. (केलास तरी उचलीन, पण मत बदलणार नाही!)

३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती. त्या सुमारास शाळांतून त्यांच्यावरची नाटके होतात. मुलांकडून वर्गणी गोळा होते. टेम्पोतून पडदे येतात आणि हल्ली धुराचे यंत्रही येते. शेणाचा गोळा बाईंच्या पदरावर बसला की संगीत चढते, बाई निळ्या उजेडात देवीसारख्या उभ्या राहतात, मुले टाळ्या पिटतात, जयजयकार होतो. संपले! पूर्वी काही दुष्ट लोक होते, एक देवी आली, १८४८ साली शाळा निघाली, सगळे छान झाले.

अहो, शेण मारणारे कोण होते? राक्षस नव्हते. शेजारपाजारचीच, घरी स्वतःच्या लेकरांना मायेने भरवणारी माणसे होती. तो माणूस रंगमंचावर आणा की! दहा वर्षांच्या पोराला ते बरोबर कळते. पस्तीस वर्षे वर्गात उभी राहून सांगते आहे.

आणि त्या शिकल्या कशा, हे मी पाहिलेल्या एकाही प्रयोगात नव्हते. १८४० साली लग्न झाले तेव्हा नऊ वर्षांची, अक्षरओळख नसलेली मुलगी. आठ वर्षांनी ती दुसऱ्या मुलींना शिकवते. मधल्या काळात किती अडखळली असेल! समोर बसलेल्या, वाचताना त त प प करणाऱ्या पोरीला ते बघायला हवे होते. तिला देवी काय कामाची?

भव्यतेला माझा विरोध नाही. ‘जाणता राजा’त हत्ती-घोडे असतात, असू देत. पण सुषमा देशपांड्यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ एकटीने उभे केले. एक बाई समोर येऊन आपली हकिकत सांगते, एवढेच. म्हणजे प्रश्न पैशाचा नाहीच.

गंमत बघा. खुद्द जोतीरावांनी १८५५ साली शिक्षणावर ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. छापून आले ते थेट १९७९ साली! त्यात थोर माणूस नायक नाहीच. भटजीकडून नाडले गेलेले एक कुणबी जोडपे आहे, आणि मधेमधे चिमटे काढणारा विदूषक. शेवटी ते दोघे कुणाला हार घालत नाहीत, शिकायला निघतात. हे नाटक शाळेत करायला टेम्पोसुद्धा लागत नाही.

निदान प्रयोगानंतर अर्धा तास ठेवा. रंग न पुसता नटीने मुलांत खाली बसावे आणि विचारतील ते ऐकून घ्यावे. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुले वर्गातून नाहीशी होतात. ती का गेली, हे मागे राहिलेल्यांना ठाऊक असते. ती मुले काय काय विचारतील!

दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रयोगाला मला पाहुणी म्हणून नेले होते. शाळा सातवीपर्यंतची. पडदा पडल्यावर एक मुलगी उभी राहिली नि म्हणाली, “बाई, आठवीची शाळा लांब आहे म्हणून घरचे नको म्हणतात. सावित्रीबाईंनी काय केलं असतं?”

तिला खाली बसवण्यात आले. टेम्पोला पुढच्या गावचा प्रयोग गाठायचा होता.